सूचीतली शेवटची ओळ

पाचोरा,
१७ जुलै १९९४

ती. शालिग्राम मामांना,

बेबाचा वाकून नमस्कार. मामींनाही सांगा, आणि लताला म्हणावं, तुझी आतेबहीण पाचोऱ्यात अजून जिवंत आहे, एखादं कार्ड टाकत जा.

इकडचं सगळं ठीक, म्हणजे असतं तसं. आबांनी जिनिंगची नोकरी सोडली तरी भोंगा झाला की अजून दचकून उठतात आणि मग आठवलं की पुन्हा आडवे होतात. आईचे उपास वाढत चाललेत. सोमवार होता, गुरुवार होता, आता शनिवारही धरलाय. मी म्हटलं, बाई गं, आठवड्यात जेवायला एखादा वार शिल्लक ठेव. तर हसली नाही. पूर्वी हसायची.

आधी कामाचं लिहून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी चार पानं गप्पा हाणते आणि पाचव्यावर मागणं काढते. जळगावच्या ग्राहक मंचात आपली पुढची तारीख सप्टेंबरात आहे आणि मला तुमची साक्ष हवी आहे. एका कागदावर, शपथेवर, तुमच्या सहीनं. बस, एवढंच.

आता तुम्हाला सगळं माहीत असताना मी पहिल्यापासून सांगते, त्याचा राग मानू नका. मंचात दर वेळी पहिल्यापासूनच सांगावं लागतं, त्यामुळे जिभेला वळणच पडलंय. मी नववीत असताना शाळेत तपासणीवाले आले, माझ्या डाव्या दंडावर चट्टा निघाला. कुष्ठरोग. गोळ्या घेतल्या, चट्टा गेला, डॉक्टरांनी लिहून दिलं की आता काही नाही. आबांनी आणि आईनं ते कोणालाच कळू दिलं नाही, तुम्हालाही नाही. मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालायला लागले, आणि शिंप्याला दंड दाखवायला नको म्हणून स्वतःच शिवायला शिकले. लोक म्हणतात, बेबाच्या हातात कला आहे. कला कसली, धाक होता.

मग माझं लग्नाचं वय झालं. तुम्ही समाजाच्या वधू-वर मंडळाचे चिटणीस. मंडळाची सूची निघायची होती, आबांनी माझं नाव दिलं, फी भरली. अर्जावर तुमच्याच कल्पनेतला एक रकाना होता: पूर्वी काही आजार असल्यास, गोपनीय. आबा घुटमळले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "जीवरामभाऊ, खरं सांगा. मागून कळलं तर पोर घरी परत येते. हे माझ्या कपाटात राहील. दोन्ही घरं जुळत आली की मी स्वतः तोंडानं सांगेन." आणि आबांनी सांगितलं. तुम्ही ते लिहून घेतलंत, लाल शाईनं, म्हणजे छापायचं नाही हे लांबूनच दिसावं.

तुम्ही जन्मभर मास्तरकी केलेली. तुमच्या हातात लाल पेन म्हणजे "हे नको". कपाटात राहायचा तो अर्ज बाकीच्यांबरोबर प्रेसला गेला, आणि प्रेसमध्ये लाल म्हणजे "हे राहून गेलं, आत घाला". त्यांनी घातलं. वय, शिक्षण, उंची, रंग, मामाचं कूळ, आणि सगळ्यात खाली, एकट्या माझ्याच नावाखाली एक ओळ जास्त. एकशे बारा मुलींमध्ये.

आणि आपले लोक! ज्यांच्या घरात सात पिढ्यांत लग्नाचं कोणी नाही तेही सूची विकत घेतात आणि दुपारी जेवून आडवं पडून कादंबरीसारखी वाचतात. मेळाव्याच्या दिवशी मंडपात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पानं उलटण्याचा आवाज येत होता, मग आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आईला वाटलं, लोक जेवायला उठले. बोदवडचे ते लोक, ज्यांच्याशी बोलणी सुपारीपर्यंत आली होती, ते भेटलेच नाहीत, नुसता निरोप पाठवला की मुलाला सध्या लग्न करायचं नाही. पुढच्या महिन्यात केलं त्यानं.

ते एकवेळ जाऊ द्या. लग्न काय, झालं नाही तरी माणूस मरत नाही. पण पोट? आमच्या गल्लीतल्या वच्छलाकाकू, ज्या माझ्याशिवाय कोणाकडे काखेचं माप देत नव्हत्या, त्या आल्या आणि अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच पिशवीत घालून घेऊन गेल्या. म्हणाल्या, "घाई नाही गं, नंतर बघू." पिशवी त्यांनी दोन बोटांत धरली होती. मग एकेक करत सगळ्याच आल्या. शिवणवर्गाला सात मुली होत्या, आता एक येते, तीही मागच्या दारानं.

म्हणून मी अर्ज केला. आबा नको म्हणत होते, आई रडत होती, मी म्हटलं, फी घेतली ना त्यांनी? गुपित ठेवू म्हणून बोलले ना? मग मोडलं त्याची भरपाई द्या, आणि चूक आमची होती, बाईचा आजार बरा झालेला आहे, हे छापून कबूल करा. मंडळाचा वकील दर तारखेला नवं काहीतरी काढतो. आधी म्हणाला, ही समाजसेवा आहे, ही बाई ग्राहकच नव्हे. ते मंचानं ऐकलं नाही. आता म्हणतो, मजकूर मुलीच्या बापाच्या संमतीनं छापला. अर्ज कुठे आहेत विचारलं तर म्हणे, सूची निघाल्यावर रद्दीत गेले. म्हणजे आता आमच्याकडे कागद नाही, काही नाही. आबांचं आणि माझं बोलणं कोण धरणार? आम्ही मागणारे. राहिलात तुम्ही. लाल शाई तुमची, शब्द तुमचा, आणि सूची निघाल्यावर आमच्या ओट्यावर बसून "माझ्या शाईनं घात केला" म्हणून रडलातही तुम्हीच. त्या दिवशी तुम्ही आलात, बसलात, गेलात. बाकीचं आत्ता लिहीत नाही.

मला माहीत आहे, रुपचंद आप्पा मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि तुमचं त्यांच्याशी उठणं-बसणं आहे. पण तुम्ही खरं सांगितलं तर त्यांचं काय जाणार? मंडळाची तिजोरी. आणि नाही सांगितलं तर लोक म्हणतील, बापानंच छापून घेतलं, अजून रोग असेल म्हणूनच. मग मी या गावात सुई धरून बसले काय आणि न बसले काय.

थकले हो मामा. पाचोरा-जळगाव पॅसेंजरमधले शेंगदाणेवालेसुद्धा आता मला विचारतात, ताई, लागला का निकाल?

उत्तर लवकर द्या. नुसतं "हो" लिहिलं तरी चालेल.

तुमची,
बेबा

*

पाचोरा,
९ नोव्हेंबर १९९४

मामा,

नमस्कार आहेच.

दिवाळी झाली. फराळ केला, कारण आई म्हणाली करायचा. गल्लीत ताटं फिरली, आमचं ताट गेलं तसं झाकलेलं परत आलं. एका घरून तर आमचाच चिवडा आम्हाला आला. आबा म्हणाले, चला, चव तरी ओळखीची आहे.

तुमचं उत्तर आलं नाही, पण तुमचं अक्षर आलं. मंचातून तुमच्या प्रतिज्ञापत्राची नक्कल मिळाली. मी स्टेशनवर बाकावर बसून वाचली. "श्री. जीवराम यांनी सदर मजकूर प्रसिद्ध करण्यास माझ्यासमक्ष तोंडी संमती दिली होती." खाली तुमची सही. तीच, शालिग्राममधल्या "ग्रा"ला लांब शेपूट. लहानपणी माझ्या पाटीवर तुम्हीच मला ती काढायला शिकवली होती. माझी गाडी समोरून निघून गेली, मला कळलंसुद्धा नाही. पुढची संध्याकाळची होती.

असं कसं लिहिलंत हो तुम्ही? हात कसा चालला? आबा, ज्यांनी शेजाऱ्याच्या बांधावरचं चिंचेचं बोटूक कधी उचललं नाही, ते पोरीचा रोग छापून घेतील? तुम्हाला तरी खरं वाटतं का? मी आबांना कागद दाखवला नाही. पण आबांना वाचता येतं, आणि मी पिशवी कुठे ठेवते ते त्यांना माहीत आहे. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तरांचा नाइलाज असेल." एवढंच. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

नाइलाज मला कळला, तोही परक्याकडून. मंचाच्या पायऱ्यांवर मंडळाचाच एक माणूस दुसऱ्याला सांगत होता की लताचं रुपचंद आप्पांच्या भाच्याशी ठरतंय. ऐकून आधी मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. लता आमच्या मांडीवर वाढली. आणि मग डोक्यात उजेड पडला. आप्पा काय म्हणाले असतील ते मी इथे बसून सांगू शकते. "मास्तर, मुलीच्या आत्याच्या घरात हे निघालंय, आम्ही तरी मनाचा मोठेपणा करून मुलगी करतोय, तुम्हीही जरा समजून घ्या." असंच ना? शब्द इकडचे तिकडे असतील.

तर मामा, एका पोरीचं घर बसावं म्हणून दुसरीला खोटं पाडलंत. हिशेबाला चूक नाही. मीही बापाच्या जागी असते तर कदाचित तेच केलं असतं, असं रात्री वाटतं. सकाळी उठलं की वाटत नाही.

भाऊबीजेचं सांगते. तुम्ही पंचवीस वर्षांत एक भाऊबीज चुकवली नव्हती. सूची निघाली त्या वर्षी आला नाहीत, मागच्या वर्षी आला नाहीत, पण यंदा आईला कुठून आशा लागली देव जाणे. सकाळपासून न्हाऊन, पाट मांडून, वाटाण्याची उसळ आणि मांडे करून बसली. धुळ्याची प्रत्येक एसटी येण्याच्या वेळेला दारात. मी चिडले. म्हटलं, तो माणूस आबांना खोटं पाडून बसलाय आणि तू त्याच्यासाठी मांडे भाजतेस? तर आई अहिराणीत गेली. आई रागावली किंवा दुखावली की माहेरचं बोलते, तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, "तो मना भाऊ शे, बेबा. तुना मामा नंतर शे."

संध्याकाळी तिनं ताट घेतलं, अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं असतं ना? पाठचा भाऊ धुळ्यात पान खाऊन बसलेला असताना माझ्या आईनं चंद्राला ओवाळलं. शेजारच्या बायका बघत होत्या. तुम्ही मेलात असं तर कोणी समजलं नसेल ना, म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, मामांना ताप आहे. तुमच्यासाठी अजून खोटं बोलते मी.

मधे सुरतेहून लोक पळून आले तेव्हाचं तुम्हीही पाहिलं असेल. प्लेग प्लेग करत गाड्या भरून आल्या, तोंडाला रुमाल. पाचोऱ्याला उतरले की त्यांचेच भाऊबंद चार हात लांब उभे. त्यातली एक बाई आमच्या ओट्यावर टेकली, मी तिला बस म्हटलं. ती म्हणाली, "जवळ येऊ नका हो, सुरतेहून आलेय." मी म्हटलं, माझंही तसंच आहे, बसा. दोघी हसलो. कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसले.

आता सांगायचं ते सांगते. तुमच्या कागदावर तुम्हाला उलट विचारायची परवानगी मी मागितली, ती मिळाली. अठरा जानेवारीला तुम्हाला स्वतः हजर राहावं लागेल. माझा वकील नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न मीच विचारणार.

आधी कळवते म्हणजे मागून म्हणायला नको की पोरीनं गाफील गाठलं. तुम्हाला अजूनही तो कागद मागे घेता येईल. माझी तयारी चालू आहे. तुम्ही शिकवलेलंच आहे: प्रश्न छोटा असावा, एका वेळी एकच विचारावा.

मामींना काही सांगू नका. लताला आशीर्वाद, म्हणजे मी मोठी म्हणून.

बेबा

*

पाचोरा,
१२ फेब्रुवारी १९९५

ती. मामांना,

नमस्कार. निकाल लागला. तुम्हाला मंडळाकडून कळलंच असेल, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. अर्ज मंजूर झाला. मंडळानं भरपाई द्यायची आणि पुढच्या सूचीच्या पहिल्या पानावर माफी छापायची. शेंगदाणेवाल्याला सांगितलं, त्यानं पैसे घेतले नाहीत.

लोक विचारतात, आनंद झाला का? काय सांगू. तीन वर्षं पायात काटा घेऊन चाललं, काटा निघाला, आणि आता पाय टाकायचा कसा तेच आठवत नाही. निकालाच्या दिवशी घरी आले आणि सरळ झोपले, दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. आई दोनदा नाकाशी हात धरून बघून गेली म्हणे.

अठरा तारखेचं बोलू.

तुम्ही आप्पांच्या जीपमधून उतरलात. टोपी नवी होती. किती वाळलात हो! कोट खांद्यावरून ओघळत होता. आई माझ्यासोबत येणारच म्हणून हटून बसली होती. गाडीत तिनं एकच विनवणी केली, "त्याले मान खाले घालनी पडी आसं काही इचारू नको." मी कबूल झाले नाही. माझ्याकडे चौदा प्रश्न होते, वाटेत घोकून घोकून पाठ केलेले. लाल शाई कोणाची, रकाना कोणाचा, ओट्यावर काय बोललात, लताचं कधी ठरलं. शेवटच्यावर तर मी फार खूश होते. त्यानं तुम्ही आडवेच झाला असता.

आणि मग तुम्ही समोर उभे राहिलात, शपथ घेतलीत, आणि माझ्याकडे न बघता वरच्या पंख्याकडे बघायला लागलात. मला चौदातला एकही आठवेना. मंचाचे अध्यक्ष म्हणाले, विचारा बाई. वकील हसला. तोंडातून जे निघालं ते माझ्या यादीत नव्हतंच.

"मामा, मला काय झालं होतं?"

मला खरंच एवढंच वाटलं की निदान ते नाव तरी तुम्ही माझ्यासमोर उच्चारा. छापून झालं, गावोगावी वाचून झालं, पण तीन वर्षांत आपल्यातल्या कोणी ते माझ्या तोंडावर म्हटलेलं नाही. आई "ते" म्हणते. आबा "मागचं" म्हणतात. तुम्ही पंख्यावरून खाली बघितलंत, माझ्याकडे, मग मागे बसलेल्या आईकडे. आणि म्हणालात, "काही नाही. काही झालं नव्हतं माझ्या भाचीला. सोन्यासारखी पोर आहे."

वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. अध्यक्षांनी चष्मा काढला. म्हणाले, "मास्तर, काहीच झालं नव्हतं तर बापानं संमती कशाला दिली? आणि छापलं ते काय?" बाकावरच्या बाई सदस्यांनी तुम्हाला पाणी द्यायला सांगितलं, ते तुम्ही घेतलंत. मग खाली बसलात आणि बसूनच सगळं सांगितलंत. शाई, कपाट, जीवरामभाऊंना दिलेला शब्द. लताचं नाव तेवढं काढलं नाहीत, मीही काढलं नाही. आप्पा मधेच उठून गेले आणि जीपही गेली. तुम्ही बाहेर आलात तेव्हा आई तुमच्याकडे निघाली होती, पण तुम्ही हात जोडलेत, लांबूनच, आणि बसस्टँडच्या वाटेला लागलात.

तुम्ही खरं सांगितलंत. त्यासाठी आभार मानावेत तर मामाचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. पण राग आला होता, तोही सांगते. "काही झालं नव्हतं" म्हणे! झालं होतं, मामा. कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची आणि मी घाबरून न्हाणीत रडायचे. झाला, आणि बरा झाला. आधी तो सगळ्या जगाला सांगितलात आणि मग शपथेवर पुसून टाकलात. जसा होता तसा ठेवायला कोणालाच कसं जमत नाही?

तेव्हा असं सगळं चांगलं झालं. वच्छलाकाकू परवा येऊन गेल्या, ब्लाउजपीस घेऊन. मी घेतलं. पोटावर राग काढून चालत नाही. शिवणवर्गाला तीन मुली झाल्या, पुढच्या दारानं येतात. पैसे आले की मशीनला मोटर बसवेन.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते. दोन पत्रांत टाळलं, आज टाळलं तर जन्मात लिहिणार नाही.

वकिलानं एका तारखेला मला विचारलं होतं, "मानहानी मानहानी म्हणता, ती नक्की कधी झाली?" मी सांगितलं, सूची निघाली त्या दिवशी, मंडपात. शपथेवर सांगितलं. ते खोटं होतं. मंडपात वाईट वाटलं, लाज वाटली, पण ते परके लोक. खुर्च्या काय, रिकाम्या होतात.

दोन दिवसांनी तुम्ही आलात. वैशाखातलं ऊन, धुळ्याहून उभं राहून प्रवास, घामानं सदरा चिकटलेला. ओट्यावर बसून रडलात, माझ्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचललात आणि मग तोच हात आपल्या गुडघ्यावर ठेवलात. मी आत जाऊन माठातलं पाणी आणलं. तुम्ही पेला माझ्या हातून घेतलात. ओठापर्यंत नेलात. आणि तसाच, भरलेला, खिडकीत ठेवून दिलात. म्हणालात, "एसटीची वेळ झाली." एसटीला तासभर होता, मामा. त्याआधीच्या संक्रांतीला माझ्या हातची भाकर मागून मागून खाल्ली होतीत. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

तुम्ही गेल्यावर मी तो पेला बघत उभी राहिले. आई आली, तिनं पाणी मोरीत ओतलं, पेला घासला आणि फळीवर ठेवला. आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. अजून बोललेलो नाही.

सूचीत छापलं ते चुकून. प्रेसवाल्याला काय माहीत लाल शाईत काय आहे. पण पेला तुम्ही चुकून ठेवला नव्हता. मी मंडळावर अर्ज केला, तारखा केल्या, भांडले, जिंकले, आणि हे सगळं चालू असताना माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी होती. ज्याची भरपाई हवी होती ते मी अर्जात लिहिलंच नाही. लिहून मिळणारं नव्हतं ते. मला मारलंत तरी चाललं असतं हो, पण तुम्ही तहानलेले निघून गेलात.

लताची पत्रिका मिळाली. लग्न मोडलं नाही हे वाचून आईनं देवापुढे साखर ठेवली. आप्पांनी राग लग्नावर काढला नाही, त्यांचं भलं होवो. पण पत्रिका पोस्टानं आली. बहिणीला भावानं लग्नाचं बोलावणं पोस्टानं धाडायचं? पाकीट उघडताना अक्षता जमिनीवर सांडल्या, त्या तिनं एकेक करून वेचल्या आणि पदरात बांधल्या.

तर आता माझं मागणं. आईला बोलवायला तुम्ही स्वतः या. लाज वाटते म्हणून येत नसाल तर लाज घेऊन या, आम्हाला तिची सवय आहे. आबा काही बोलणार नाहीत, त्यांनी मागेच सोडून दिलंय. तुम्ही ओट्यावर बसा. उन्हातून आलेले असाल. मी पाणी आणीन.

ते तुम्ही प्यायलात तर मी लग्नाला येईन. लताचे सगळे ब्लाउज मी शिवेन आणि करवली म्हणून तिच्या मागे मीच उभी राहीन, मग आप्पांकडच्यांना काय बघायचं ते बघू दे. नाही प्यायलात तर आईला घेऊन जा, तिला मी अडवणार नाही, तिचा तुम्ही भाऊ आहात. मात्र या वेळी खिडकीत पेला ठेवायला जागा मिळणार नाही. तुम्ही पिऊन होईपर्यंत मी समोर हात पुढे करून उभी राहणार आहे.

पुढच्या आठवड्यात कधीही या. मी घरीच असते.

तुमची वाट बघणारी, तुमच्या बहिणीची मुलगी,
बेबा